मागून घेतलेली काठी

आमच्या ध्यानाच्या खोलीत उशा चौदा आणि काठी एक. काठी माझ्याकडे असते.

ही काही शिक्षेची काठी नव्हे. झेन पद्धतीत लोक भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून चाळीस-चाळीस मिनिटं गप्प बसतात. बसता बसता कुणाला डुलकी येते, कुणाचं मन उधळतं. अशा वेळी त्यानं नुसते हात जोडायचे. मागून फिरणारी काठीवाली, म्हणजे मी, त्याच्यामागे थांबते. तो मान बाजूला झुकवतो आणि मी दोन्ही खांद्यांवर एकेक फटका देते. काठी चपटी आहे, आवाज मोठा आणि मार थोडा. मग तो नमस्कार करतो, मी नमस्कार करते आणि पुढे जाते. मागितल्याशिवाय मारायचं नाही, मागितलं तर नाही म्हणायचं नाही. नियम एवढाच.

हे काम माझ्याकडे आलं ते काही माझ्या आध्यात्मिक उंचीमुळे नाही. तीस वर्षं मी एका इस्पितळाचं भांडार सांभाळलं. कापसाच्या बोळ्यापासून स्ट्रेचरच्या चाकापर्यंत काय आलं, कुणी नेलं, परत केलं की गिळलं, सगळं तोंडपाठ असायचं. मी निवृत्त झाले, पण डोकं काही निवृत्त होईना. ध्यानाला बसले की शेजारचा किती वेळा खोकला, कुणाच्या पोटात किती वाजता गुरगुरलं, याची नोंद मनात आपोआप व्हायची. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी दोन वर्षं सोसलं आणि एक दिवस म्हणाल्या, "तुम्हाला माणसं मोजायचीच आहेत ना? मग उभ्या राहून मोजा." आणि काठी हातात दिली.

तेव्हापासून मी माणसांना पाठीवरून ओळखते. चेहरा सवयीनं खोटं बोलतो, पाठीला ती कला येत नाही. आमचा दातांचा डॉक्टर अजून रोग्याच्या तोंडात वाकल्यासारखा बसतो. एक मुख्याध्यापिका येतात, त्या भिंतीकडे तोंड करूनही खोलीवर लक्ष ठेवतात, त्यांचा डावा कान सारखा मागे वळायला बघतो. डुलकी घेणाऱ्याची मान आधी पुढे जात नाही, आधी कंबर बसते. असो. सांगायचं आहे ते माझ्या भावाच्या पाठीबद्दल.

माझा धाकटा भाऊ सुतार आहे, आणि तोही नाटकांचा. बावीस वर्षं त्यानं रंगमंचावर दुसऱ्यांनी काढलेली घरं उभी केली. नाटकाच्या जाहिरातीत "नेपथ्य" म्हणून ज्याचं नाव येतं तो रचना करतो. माझ्या भावाचं नाव यायचं "नेपथ्य निर्माण" या ओळीत, अगदी तळाशी, जागा उरली तर. जाहिरात घट्ट झाली की पहिली कात्री त्याच्यावर. तो कधी बोलला नाही, पण घरात भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातींमध्ये एकही अशी नाही, जिच्यात त्याचं नाव कापलंय. म्हणजे किती नाटकं चिकटवली नाहीत ते मोजा.

आणि या वर्षी एका दिग्दर्शकाचा नेपथ्यकार ऐन वेळी परदेशी निघून गेला. दिग्दर्शक भावाला म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच करा. जमलं तर नेपथ्य तुमच्या नावावर."

जमायचं काय होतं? नाटकात एका म्हाताऱ्या बाईचा दिवाणखाना तिच्या डोळ्यांदेखत जहाज होतो. पडदा पाडायचा नाही, अंधार करायचा नाही. वीस सेकंदांचं संगीत, तेवढ्यात घराचं जहाज. भावाकडे मदतीला दोन माणसं, लंबू आणि ढोल्या, दोघेही पन्नाशी उलटलेले. तिघांनी मिळून जहाज केलं ते त्रेपन्न सेकंदांत. दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "मंगळवारी अकराला तालीम. वीसच्या आत झालं तर ठीक. नाहीतर मी काळा पडदा लावतो आणि प्रेक्षकांना म्हणतो, समजा जहाज आहे." काळा पडदा लागला की नेपथ्य कसलं आणि नेपथ्यकार कुठला.

गुरुवारी माझी भावजय आली. एरवी ती मला ताई म्हणते. रागावली की वन्सं म्हणते. त्या दिवशी ताईच होती, म्हणजे घाबरलेली होती.

"ताई, यांना दोन दिवस कुठेतरी गप्प बसवा हो. जेवताना पोळीच्या घड्या घालतात आणि सेकंद मोजतात. काल माझ्या कपाटाचं दार काढून बघितलं, उलटं लागतं का म्हणून."

"लागलं?"

"लागलं. आता उघडत नाही."

शनिवार-रविवार आमच्याकडे दोन दिवसांची बैठक होती. मी भावाला घेऊन गेले. दारात फोन, वही, लेखणी सगळं जमा करायचं असतं. त्यानं खिशातून तीन पेन्सिली काढून ठेवल्या. मी त्याच्या कानामागची चौथी काढली.

बाईंनी नव्या माणसांना नेहमीचं सांगितलं. "विचार येतील. विचार म्हणजे दारावरचा फेरीवाला. तो ओरडत जाईल, जाऊ दे. तुम्ही भाव विचारलात की तो टोपली खाली उतरवतो, मग उठत नाही." भावानं मान डोलावली. मला ती मान ओळखीची आहे. लहानपणी आई म्हणायची, आंब्याच्या झाडावर चढू नकोस, तेव्हा अशीच डोलायची.

पहिल्या बैठकीची वीस मिनिटं झाली आणि त्यानं हात जोडले.

मला बरं वाटलं. नवा माणूस काठी मागायला लाजतो, हा नाही लाजला. मी डावी-उजवी दिली. दुसऱ्या बैठकीत पुन्हा हात. तिसऱ्यात दोनदा. संध्याकाळपर्यंत पाच झाल्या. मुरलेली माणसं अख्ख्या दिवसात एखादी घेतात. चहाच्या वेळी बाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुमच्या भावाला झोप फार येते का?"

"झोप नाही, बाई. कंबर ताठ आहे. उलट काठी पडली की हा खूश होतो. मागून कान हलतात."

"मग काय गोळा करतोय तो?" बाई म्हणाल्या आणि चहा घेऊन निघून गेल्या. हा प्रश्न मी तिथल्या तिथे पकडायला हवा होता. तीस वर्षं भांडार सांभाळलेली बाई मी, कोण काय उचलून नेतंय हे मला दिसू नये?

रविवारी सकाळपासून तीन झाल्या. एकूण आठ. सदऱ्याच्या गळ्यातून त्याच्या खांद्याची कातडी दिसत होती, लालभडक. काठी लागत नाही म्हणतात ते एखाद-दुसरीचं. आठव्या वेळी त्यानं मान झुकवली तेव्हा मला तो सात वर्षांचा दिसला. माझी पाटी फोडली म्हणून मी त्याला फूटपट्टीनं मारलं होतं, तेव्हाही त्यानं मान अशीच बाजूला धरली होती.

शेवटच्या बैठकीत, घंटेला पंधरा मिनिटं राहिली असताना, त्याचे हात पुन्हा जुळले.

मी पाहिलं आणि पुढे गेले. एक फेरी घालून परत आले, हात तसेच. मी मुख्याध्यापिकांच्या मागे उगाच रेंगाळले, डॉक्टरच्या उशीचा कोपरा पायानं नीट केला, आणि भावाच्या मागून दुसऱ्यांदा तशीच गेले. माझा हातच उचलेना. घंटा झाली तेव्हा त्याचे हात जोडलेलेच होते.

मौन सुटायचा अवकाश, भाऊ चहाला न थांबता पळाला. पेन्सिली विसरला आणि डॉक्टरचे बूट घालून गेला. मी पेन्सिली आणि त्याच्या वहाणा घेऊन मागे निघाले. डॉक्टर अनवाणी दारात उभा राहून विचार हा फेरीवाला आहे असं स्वतःला समजावत होता.

भावाची कार्यशाळा म्हणजे एक लांबट शेड. एका टोकाला करवत यंत्र, भिंतीला फ्लॅट टेकवलेले. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, नाटकातल्या भिंती असतात त्या. मी पोचले तेव्हा हा सदरा काढून उभा, आणि लंबू-ढोल्या दोन बाजूंनी त्याच्या खांद्यांकडे बघतायत.

"ही पहिली," डाव्या खांद्यावर मानेजवळ बोट ठेवून तो सांगत होता. "खिडकीचे पडदे काढायचे नाहीत. एकाच दोरीनं वर खेचायचे, तेच शीड. दुसरी ही, टेबल हलवायचं नाही, उलटं करायचं, पाय वर, ती झाली सुकाणूची चौकट. तिसरी..."

"पण इथे एकच वळ दिसतोय," ढोल्या म्हणाला.

"तुला एक दिसतो. मला आठ जाणवतात. प्रत्येक वेळी ताईची काठी वेगळी पडते. पहिल्या दिवशी सकाळी ती जोरात होती, दुपारी जेवण अंगावर आलेली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. याला झोप नव्हती येत, याला कल्पना येत होत्या. भिंतीकडे बघत बसला की एकामागून एक सुचत होतं. लिहायला कागद नाही, बोलायला तोंड नाही, उठायला परवानगी नाही. मग कल्पना आली की हात जोडायचा आणि माझ्याकडून ती खांद्यात ठोकून घ्यायचा. खिळा ठोकावा तशी. जगभर लोक मन रिकामं करायला काठी घेतात, आमच्या घरातला हा एकटाच, ज्यानं माल भरायला घेतली. आणि हमालीला मोठी बहीण.

रागवावं की कौतुक करावं हे ठरायच्या आतच मी दोरीचं एक टोक धरून उभी होते. काय सांगू त्या दुपारचं. पडदे सर्रकन वर गेले आणि खरंच शीड झालं, वारा नसताना फुगलं. लंबू बिजागऱ्या उलट्या ठोकतोय, ढोल्या टेबलाखाली चाकं बसवतोय, भाऊ खांदा चाचपत "सहावी, सहावी" म्हणत शेडभर धावतोय. भावजय डबा घेऊन आली ती खांदे बघून दारातच थांबली.

"कुणी मारलं यांना?"

"ताईनं," भाऊ आनंदानं म्हणाला. "आठ वेळा. मागून घेतलं."

भावजयीनं माझ्याकडे बघितलं. "वन्सं," ती म्हणाली, "गप्प बसवा म्हटलं होतं मी. झोडपा नव्हतं म्हटलं."

मग तिनं पदर खोचला आणि डबा बाजूला ठेवून खिळे निवडायला बसली.

सोमवारी दुपारपर्यंत आठही कल्पना लाकडात उतरल्या. त्रेपन्नाचे एकतीस झाले. आणि तिथे गाडं अडलं.

अडलं ते जिन्यापाशी. दिवाणखान्यात उजवीकडे माळ्यावर जाणारा लाकडी जिना होता. दोन्ही बाजूंच्या भिंती दारासारख्या पुढे फिरून मध्ये एकमेकींना भेटायच्या, म्हणजे जहाजाचं टोक. डावी भिंत मुकाट्यानं यायची. उजवीच्या वाटेत जिना. जिन्याच्या चार खिट्ट्या काढा, तो मागे ढकला, पुन्हा खिट्ट्या लावा, की गेले अकरा सेकंद.

"जिन्याचं सुचलं होतं," भाऊ म्हणाला. खांदे चाचपू लागला. डावा, उजवा, पुन्हा डावा. "शेवटच्या बैठकीत. अगदी लख्ख. मी हात जोडले. ताई, मी हात जोडले होते."

मी खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागले.

"तू आली नाहीस."

"आले होते," मी म्हटलं. "दोनदा आले. तुझे खांदे बघवेनात मला. दिसलंच नाही असं केलं."

शेडमध्ये करवतीचा आवाज बंद झाला. लंबू आणि ढोल्या एकदम छत बघायला लागले.

"लहानपणी कधी कारण विचारलं नाहीस," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "पाटी तर मी फोडलीही नव्हती, मांजरानं फोडली होती. तेव्हा मारलंस. आणि आयुष्यात एकदा हात जोडून मागितलं, तर तुला माया आली?"

मी म्हटलं, "मग आता घे." भिंतीशी फळी टाकली, त्याला बसवलं, लाकडाची एक पट्टी उचलली आणि मागे उभी राहिले. अर्धा तास झाला. पाठ लाकडासारखी ताठ, खांदे कानापर्यंत चढलेले. गेलेल्या गोष्टीला शोधणारी पाठ अशीच असते, इस्पितळात हरवलेली चावी शोधणाऱ्यांच्या मी शेकड्यांनी पाहिल्यात. शेवटी तो उठला.

"नाही येत. तू मागे उभी आहेस, मला नुसतं मांजर आठवतंय."

मंगळवारी अकराला आम्ही नाट्यगृहात होतो. दिग्दर्शक सहाव्या रांगेत, हातात घड्याळ. म्हाताऱ्या बाईचं काम करणारी नटी जिन्याच्या चौथ्या पायरीवर, तिथून तिला एक वाक्य होतं. संगीत सुरू झालं. पडदे वर, टेबल उलटं, डावी भिंत आली, नटी खाली उतरून बाजूला झाली, मग जिना, खिट्ट्या, ढकला, उजवी भिंत. संगीत केव्हाच संपलेलं.

"तीस," दिग्दर्शक म्हणाला. "छान आहे, मिस्त्री. खरंच छान आहे. पण दहा सेकंद प्रेक्षक चाकांचा आवाज ऐकणार. मी पडदेवाल्याला बोलावतो."

"दहा मिनिटं द्या," भाऊ म्हणाला.

"काय करणार दहा मिनिटांत?"

"बसतो."

आणि तो बसला. रंगमंचावर मधोमध, मागच्या भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून. दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घड्याळ आहे ना हातात? लावा."

मी विंगेत उभी राहिले, हात रिकामे. पहिली तीन मिनिटं कालचीच पाठ, चावी शोधणारी. चौथ्या मिनिटाला कुणी तरी खुर्ची सरकवली आणि त्याचे खांदे दचकले. नंतर मात्र ते उतरायला लागले. पाण्यात टाकलेली वाळकी दोरी सैल पडते तसे, थोडे थोडे. सहाव्या मिनिटाला ती पाठ मला ओळखू येईना. तिच्यात मागणं नव्हतं. नेपथ्य नव्हतं, जाहिरात नव्हती, मीही नव्हते. मला भीती वाटली की यानं सोडून दिलं.

आणि मग त्याचे कान हलले.

मी विंगेत एक पाऊल पुढे आले. आता हा उडी मारून उठणार, ओरडणार. निदान हात तरी जोडणार, आणि माझ्याकडे काठी नव्हती, मी विंगेतल्या झाडूकडे बघितलंसुद्धा. पण तो उठेना. हात मांडीवर होते तसेच. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. मला दरदरून घाम फुटला. अरे, आलंय ना, घे की. निसटेल. ढोल्या माझ्या कानाशी कुजबुजला, "झोपला काय?" मी म्हटलं, "गप. कंबर बघ त्याची."

"दहा," दिग्दर्शक म्हणाला.

भाऊ उठला, पायाला आलेल्या मुंग्या झटकल्या आणि स्क्रू काढायचं यंत्र मागितलं. उजव्या भिंतीच्या मागच्या कोपऱ्यातल्या तिन्ही बिजागऱ्या काढल्या. भिंत सुटली, लंबूनं धरली. तिन्ही बिजागऱ्या भावानं जिन्याच्या पुढच्या खांबाला लावल्या आणि भिंत त्यांच्यावर टांगली. आता ती जिन्याच्या बाहेरच्या अंगाला, घर असताना होती तशीच दिसत होती.

"जिना कुठे न्यायचा?" ढोल्यानं विचारलं.

"कुठेच नाही. जिना राहू दे. भिंत बाहेरून फिरेल." मग नटीकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्हीही उतरू नका. तिथेच उभ्या राहा. काही झालं तरी हलायचं नाही."

"काही झालं तरी म्हणजे?" नटीनं विचारलं आणि कठडा धरला.

संगीत सुरू झालं. मी मोजायला लागले, ओठ न हलवता. चारला पडदे वर गेले. सातला टेबल उलटलं. डावी भिंत निघाली आणि त्याच क्षणी उजवी, जिन्याच्या खांबावर कर्रकन फिरत, विंगेतून माझ्या नाकासमोरून, एखाद्या प्रचंड पंखासारखी बाहेरून पुढे आली. दोघी मध्ये भेटल्या. आणि चौथ्या पायरीवरची म्हातारी, जी आत्तापर्यंत माळ्याच्या जिन्यावर उभी होती, ती एकाएकी जहाजाच्या जिन्यावर होती. ती हललीच नव्हती. घर तिच्याभोवतून निघून गेलं होतं. शीड फुगलं तेव्हा तिनं आपसूक केसांवर हात धरला. तालमीत तसं काही ठरलेलं नव्हतं.

संगीत अजून चालू होतं. रंगमंचावर कुणाकडेच करायला काही नव्हतं. सगळे नुसते उभे राहून ते संगीत ऐकत होते.

"चौदा," मी म्हटलं. मोठ्यानं, नको तितक्या मोठ्यानं.

दिग्दर्शक उभा होता. घड्याळ बघायचं तो विसरला होता. "पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा केलं. तेरा. भावजय पहिल्या रांगेत होती, तिनं दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तिच्यासाठी तिसऱ्यांदा केलं. त्यानंतर दिग्दर्शक पायऱ्या चढून वर आला, जिन्याच्या खांबावरून हात फिरवला आणि भावाला म्हणाला, "छापखान्यात आज नावं द्यायचीत. नेपथ्य तुमचं. निर्माण कुणाचं लिहू?"

भावानं एक क्षणही घेतला नाही. "या दोघांचं. आणि जागा नसेल तर माझं बारीक करा, ती ओळ कापू नका."

लंबूनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि ढोल्याच्या पाठीत धपाटा घातला.

मी भावाला विंगेत गाठलं. मला चैन पडत नव्हती. "खरं सांग. हीच कल्पना होती का रविवारची? मी घालवलेली?"

"माहीत नाही."

"अरे, माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, ताई. ती कशी होती ते आठवतच नाही. ही असेल, दुसरी असेल."

"मग आली तेव्हा लगेच उठला का नाहीस? दोन मिनिटं माझा जीव टांगणीला."

"दहा मिनिटं बसतो म्हटलं होतं ना. दोन उरली होती." त्यानं खांदा चोळला. "आणि छान वाटत होतं."

रंगमंचावरून दिग्दर्शकाची हाक आली, चौथ्यांदा करायचं होतं, आता दिव्यांसकट. एक दोरी धरायला माणूस कमी होता. भावानं माझ्या हातात तिचं टोक दिलं, एक वेढा मनगटाला मारला आणि म्हणाला, "मी मान हलवली की खेच. आणि या वेळी माया करू नकोस."